अप्पांना न दिलेला अंगठा

शेवटच्या सकाळीही अप्पांनी रोजच्यासारखी पोस्ट टाकली. गल्लोगल्ली उभे केलेले ऐकणारे खांब नक्की कोणाच्या रक्षणासाठी आहेत, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"वाचलंस?"

"वाचलं," त्यांची मुलगी वसुधा म्हणाली.

"मग एक अंगठा दे की. झिजणार नाही तो."

"अप्पा, तुमच्या पोस्टला अंगठा दिला की माझे सुरक्षा-गुण कापतात. विमानतळावरची नोकरी जाईल माझी."

"बरं बाई, मग चहा तरी दे. त्यासाठी अजून गुण कापत नाहीत," म्हणून ते हसले.

दुपारी ते झोपेतच गेले.

शोकसभेला वाचनालयाचं सभागृह भरलं. कोपऱ्यात तसाच एक खांब होता, वर हिरवा दिवा. देसाई गुरुजी अप्पांच्या वक्तशीरपणावर बोलले, शेजारच्या मालूताई त्यांच्या हातच्या आंबोळ्यांवर. दिवा हिरवाच राहिला. वर्षानुवर्षं रोज लिहिणाऱ्या माणसाच्या लिखाणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. जणू अप्पा जन्मभर आंबोळ्याच घालत होते.

शेवटी घरच्यांतर्फे बोलायला वसुधा उठली. तिचा चेहरा पाहून मालूताईंनी तिचा हात धरला. "वसू, नोकरीचा विचार कर. बस गं."

तिने हात हळूच सोडवला आणि ती अप्पांच्या फोटोकडे वळली.

"अप्पा, तुम्ही लिहिलेलं मी रोज वाचत होते."

दिवा पिवळा झाला.

"आणि ते मला पटत होतं."