पावडरचे ठसे

दुपारच्या शांततेत पावडरचा डबा फरशीवर टप्पकन पडला. बालगुप्तहेरांची टर उडवणारा सिनेमा काल मोबाइलवर पाहिल्यापासून माझी रुचिका घरभर ठसे शोधत होती. भांडी घासायला येणाऱ्या धुरपताबाईंच्या अंगठ्यावर विळ्याची आडवी खूण आहे. ती खूण रुचिकाला आमच्या प्रत्येक ग्लासावर सापडली.

"मावशी, चोर तूच!"

"मीच घासतो न माय, त माहेच राहतीन!" धुरपताबाई हसल्या. मीही पोट धरून हसले.

मग रुचिकानं खिडकीत ठेवलेला, त्यांच्या चहाचा वेगळा ग्लास उचलला. पावडर फुंकली, उलटसुलट करून पाहिला.



"आई, मावशीच्या ग्लासावर आपल्या कोणाचाच ठसा काऊन नाही?"