होडीचा तळ

"अजून दोन तास लागतील," बांबूच्या अरुंद परांचीवर उताणी पडलेली दीपाली वरूनच म्हणाली. नवापूरच्या मच्छीमारांच्या देवळाचं छत तिच्या नाकापासून हातभर. गवंड्यानं सकाळी थापलेला चुना ओला आहे तोवरच रंग आत मुरणार, सुकला की खेळ खलास.

इटलीतल्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकारानं तिला पार झपाटलं होतं. तो आपल्या पोरांना हाताशी घेऊन राजवाड्यांची छतं असाच झपाट्यानं रंगवायचा. मधोमध नुसतं आभाळ, माणसं कडेला, आणि खालून बघणाऱ्याला त्यांचे तळपाय आधी दिसायचे. दीपालीनंही तस्संच केलं. निळ्या उजेडात देवीची होडी, थेट खालून दिसणारी, काठावरून वाकलेली देवी. बोईसरच्या कारखान्यांच्या कॉलनीत वाढलेल्या या पोरीला ती होडी इतकी आवडली की एकटीच हसत सुटली.

खाली मात्र कुणी हसेना. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष कमलेश मान वर करून बघत होता.

"म्याडम, हे खरवडा."

"का?"

"पान्यातल्या होडीचा तळ दिसला म्हंजे ती उलटली. आमच्यात असं कोनी काडत नाय. बायका देवळात पाय ठेवनार नाय."

हे दीपालीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं शहाणीनं विचारलंही नव्हतं. गवंड्यानं खरवडायला थापी उचलली.

"थांब रे." चिंतू तांडेल पुढं आला. उभा जन्म समुद्रात काढलेला म्हातारा, गुडघे धरत सरळ फरशीवर उताणा झाला. बराच वेळ बघत राहिला.

"बाबा, बरं नाय का वाटत?" कमलेश घाबरला.

"गप. वादळात मी होडीवरून पडलो होतो ना, तवा नाकातोंडात पानी. वर बघतो तर हेच. हाच तळ, हाच उजेड. मंग भावानं केसाला धरून वर वडला." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि तो चक्क हसत होता. "कमल्या, इथं पड नि बघ. होडी उलटली नाय. आपून बुडालोय. आई वर काडाया आलीय."

कमलेश कुरकुरत शेजारी आडवा झाला. वर बघता बघता त्याची कुरकुर थांबली.

"म्याडम," तो खालूनच म्हणाला, "आईचा हात जरा खाली आना. पोचला पायजे."