मॅग्नेटोची वायर

"बॅटरी गेली की तुझी ही पेटी मुकी," म्हणत सुधीररावांनी टीपॉयवरचा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा काळा डबा अंतराकडे सरकवला. "आमच्या मॅग्नेटोला कुणाची बॅटरी लागत नाही. इंजिन फिरलं की आपली ठिणगी आपणच पाडतो."

"म्हणून तर इंजिनावरच्या दोन मॅग्नेटोंतला एक ठेवतोय, काका. फक्त दुसऱ्याच्या जागी ही पेटी. तुमच्या म्हाताऱ्याला अगदीच घराबाहेर नाही काढत!"

सुधीरराव मोकळे हसले. स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनीबाईंनाही हसू आलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, छोट्या शिकाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नवऱ्याची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर मॅग्नेटोचं विचारायला घरी आलेली ही इंजिनियर पोर पहिलीच.

त्यांनी दोन कप चहा आणून ठेवला.

"काकू, तुम्ही?"

"माझा शनिवार असतो, बाळा. संध्याकाळी मारुतीचं दर्शन झाल्याशिवाय काही घेत नाही."

"चहासुद्धा नाही?"

"बावीस वर्षं झाली. आता आठवणही होत नाही त्याची."

अंतरानं वही उघडली. "काका, मला खरं तर दगडू मोरेंच्या अपघाताबद्दल विचारायचंय."

मंदाकिनीबाई आत जायला वळल्या होत्या, त्या तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकल्या.

"जुना रिपोर्ट वाचला मी," अंतरा म्हणाली. "हेल्परनं इंजिनाचा स्विच चालू ठेवला, पंखा हातानं फिरवला, इंजिन उसळलं, उजव्या हाताची चार बोटं गेली. चूक त्याची स्वतःची. आता फ्लाइंग क्लबवाले तेच पुढे करतात. माणसाची चूक, मग नवी पेटी कशाला? आणि त्यांचं बरोबरच आहे. स्विच चालू असेल तर माझी पेटीही ठिणगी पाडणारच. पण स्विच बंद असताना इंजिन उठलं असेल, तर गोष्ट वेगळी. माझी पेटी बंद म्हणजे बंद, निम्मा धोका तरी जातो."

"मॅग्नेटोचं तसं नाही," सुधीरराव हळूच म्हणाले. "त्याला गप्प बसवते ती एक वायर. ती सुटली, की स्विच बंद असो नाहीतर चालू, तो जिवंतच."

"वायर सुटली होती का, काका?"

"अगं, चहा निवला तुझा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "बावीस वर्षांपूर्वीचं ते. रिपोर्टात आहे ना सगळं? तेच लिही की."

सुधीररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. अपघात झाला त्या दसऱ्याच्या रात्री त्यांनी एकट्या बायकोला सांगितलं होतं, त्यानंतर कुणालाच नाही. दगडूनं नुकसानभरपाईशिवाय घर चालवलं. आता विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर तो उदबत्त्या-फुलवाती विकत बसतो. दर दसऱ्याला सुधीरराव आपट्याची पानं घेऊन त्याच्याकडे जातात, दोघं कटिंग पितात, तब्येती विचारतात. तेवढा विषय सोडून सगळं बोलतात.

"आणखी किती विमानांवर असे मॅग्नेटो आहेत?" त्यांनी विचारलं.

"ह्या क्लबकडे अकरा. पोरं शिकतात त्यांच्यावर. रोज कुणीतरी पंख्याला हात लावतंच."

"अहो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी काय सांगितलं तुमच्याबद्दल? तीस वर्षांत एक डाग नाही म्हणाले. आणि दगडूच्या कानावर गेलं तर? कोणत्या तोंडानं जाल ह्या दसऱ्याला?"

"ह्याच तोंडानं जाईन. दुसरं आहे कुठे?"

मग ते अंतराकडे वळले.

"लिही. वायर मी सोडली होती. अष्टमीच्या संध्याकाळी, तपासणीसाठी. तेवढ्यात खंडेनवमीच्या पूजेला हत्यारं गोळा करायची हाक आली. आमच्याकडे पूजेला मांडलेला पाना दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलत नाहीत. नट बोटांनी लावून ठेवता आला असता. पण अर्धवट काम कशाला, परवा नीट आवळू, म्हणून राहू दिलं. दसऱ्याच्या सकाळी दगडू चाचणीला लावलेल्या त्याच इंजिनाच्या पंख्याला झेंडूचा हार घालायला गेला. हार सरळ बसेना म्हणून त्यानं पंखा जरासा फिरवला. स्विच बंद होता. मी स्वतः पाहिला होता."

अंतरानं शेवटची ओळ लिहून मान वर केली.

"मग चौकशीत कसं नाही आलं?"

"तेच तर. मी गाडी आणायला फाटकापर्यंत पळालो. त्याला हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी साहेबलोक आले, तर वायर जागच्या जागी. नट बसलेला. मी हातही लावला नव्हता, देवाशप्पथ. आणि दगडूनं लिहून दिलं, स्विच माझ्याकडूनच चालू राहिला. शुद्धीवर होता कुठे बिचारा? त्याला तसंच वाटलं असेल. आणि मी... मी गप्प बसलो."

"मारुतीरायानं लाज राखली आमची," मंदाकिनीबाई पुटपुटल्या. त्यांचे हात आपोआप जुळले. "तेव्हापासून शनिवार धरलाय मी."

अंतरानं वही फिरवून पुढे केली. सुधीररावांनी चष्मा लावला, लिहिलेलं सावकाश वाचलं आणि खाली सही केली, पूर्ण नावानिशी. मंदाकिनीबाईंनी मान फिरवली नाही. सही होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"झालं," ते म्हणाले. "आता संध्याकाळी विठ्ठलवाडीला जाऊन मीच सांगतो त्याला. दुसऱ्याकडून कळायला नको."

अंतरानं वही मिटली, पण ती उठली नाही.

"काका, मी काल आधी दगडूकाकांकडेच गेलेले," ती म्हणाली. "ते म्हणाले, सुधीरसाहेब आपणहून बोलले तरच लिही, नाहीतर स्विच चालूच होता. तुम्ही गाडी आणायला पळालात ना, तेवढ्यात त्यांनीच डाव्या हातानं ती वायर बसवली."