बुडबुडा मध्ये येईपर्यंत

"आता?" हनीफनं जीपच्या खिडकीतून ओरडून विचारलं.

"आता उजवीकडं पळाला!" मागं जोडलेल्या घरवजा कॅराव्हानमधून दत्तारामचा आवाज आला. तो आत पोटावर पडून लेव्हलपट्टीतला बुडबुडा मध्ये येतो का ते बघत होता.

"मघाशी डावीकडं होता ना?"

"मघाशी तुम्ही एकाच चाकाखाली फळी दिली होती. हनीफभाय, डबल अ‍ॅक्सलची गाडी आहे ही. एका बाजूला दोन चाकं. दोन्ही एकदम चढली पाहिजेत. एकच चढवलं तर दुसरं लोंबतं आणि सगळा भार एका टायरवर. किती वेळा सांगू?"

"मग आता दोन्ही चढवली ना?"

"आता जास्त चढली."

हनीफनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रियाधहून सकाळी ओढत आणलेली ही भाड्याची गाडी हाइलबाहेरच्या वाळूत दोन तास नुसती मागेपुढे होत होती.

थोड्या अंतरावर घडीच्या खुर्चीवर त्याची आई, अख्तरी, शाल गुंडाळून बसली होती. वाळवंटात एक रात्र काढायची हौस तिचीच. पण आल्याआल्या ती गादीवर आडवी झाली आणि डोकं धरून खाली उतरली. "होडीत पडल्यासारखं होतंय रे. चक्कर येते मला. सरळ होत असेल तर बघ, नाहीतर अंधाराआधी हॉटेलात चल. तिथं झोपू." परवा तिचं मुंबईचं विमान होतं.

दत्ताराम खाली उतरला. तो हनीफच्याच बांधकामाच्या साइटवरचा शटरिंगचा सुतार, गुहागरकडचा. आठवड्याची एकच सुट्टी, ती इथं वाळूत गेली होती. पातळ फळी शोधता शोधता तो कीर्तनातल्यासारखी तान घेऊ लागला.

"बुवा, कीर्तन मागाहून. आधी फळी घाल."

"कीर्तनावरच तग धरलाय मी. नाहीतर ही फळी मघाशीच तुमच्या डोक्यात बसली असती."

"म्हणू दे रे त्याला," अख्तरी म्हणाली. "तुझ्या ओरडण्यापेक्षा कानाला बरं आहे."

"ऐका, चाची! आणि पहिला अर्धा तास तर गाडीचं तोंड फिरवण्यात घालवला ह्यांनी."

"मग काय, अम्मीला मक्केकडं पाय करून झोपवू?" हनीफ तडकला.

गाडी आधी उभी होती तेव्हा गादीवर झोपणाऱ्याचे पाय मावळतीकडं येत होते. गावात असं कुणी कधी झोपलं नव्हतं. रियाधच्या घरातही नाही. नमाजाला तोंड मावळतीकडं करायचं, हे त्याला कुणी शिकवल्याचंही आठवत नव्हतं.

फळ्या बदलल्या. जीप पुढे गेली, मागे आली. दत्तारामनं चाकांना दगड लावले, जीप सोडवली आणि पुढचा जॅक एकेक आटा फिरवायला घेतला. मग आत जाऊन पाहिलं, बाहेर आला, अर्धा आटा उलटा फिरवला, पुन्हा आत गेला.

"कुणी श्वास घेऊ नका!" तो आतून म्हणाला. मग म्हणाला, "बसला."

अख्तरीला दोघांनी धरून आत चढवलं. ती जपून आडवी झाली. डोळे मिटले. उघडले.

"नाही फिरत रे," ती म्हणाली. "घरच्यासारखं वाटतंय."

हनीफ बाहेर आला तो दोन तासांत पहिल्यांदा हसत. शेजारच्या तंबूतली माणसं अस्रच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजाला उभी राहत होती. हनीफ आणि अम्मीची प्रवासात दुपारच्या जुहरबरोबरच अस्रही पढून झाली होती, म्हणून तो नुसता बघत राहिला. सात-आठ जण, खांद्याला खांदा लावून. सूर्य त्यांच्या उजव्या हाताला होता.

उजव्या हाताला. समोर नाही.

हनीफनं खिशातून फोन काढला आणि मक्केची दिशा लावून पाहिली. इतक्या वर उत्तरेला आल्यावर मक्का मावळतीला उरत नाही, जवळजवळ दक्षिणेला जाते. अम्मीचे पाय नेमके तिकडंच होते.

"दत्ताराम, गाडी फिरवायची."

दत्ताराम हसला. मग त्यानं हनीफचा चेहरा पाहिला, आणि चाकाला पाठ लावून वाळूत फतकल मारली.

"आधी मला चिरडा. मग फिरवा."

"आठ वर्षं झाली या मुलखात. एवढं कळलं नाही मला. गाढव आहे मी."

"ते मान्य. पण मी उठणार नाही."

हनीफनं हातोडा उचलला आणि दुसऱ्या चाकाचा दगड ठोकून काढायला लागला. घावागणिक गाडी हादरत होती.

वरची खिडकी उघडली. "कोण ठोकतंय?"

"अम्मी, खाली उतर. मक्केकडं पाय होतायत तुझे. गाडी फिरवतो."

"ठाऊक आहे मला. नमाजाला उभी राहिलेली माणसं मलाही दिसतात. उशी फिरवली मी."

"उशी?"

"त्या टोकाची ह्या टोकाला आणली. एवढं सपाट केलंत ना दोघांनी? मग डोकं कुठं नि पाय कुठं, मला दोन्हीकडं सारखंच."

चाकाला टेकलेल्या दत्तारामचे खांदे हलायला लागले.

"थांब अम्मी, हा दगड तरी परत नीट बसवतो."

"काही करू नको. आता मला इथून कुणी हलवू नका."

खिडकी बंद झाली. हनीफनं हातोडा वाळूवर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून, अगदी हळू.