तिसरी खाच

खाचा दोनच होत्या.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. होडीच्या पुढच्या बैठकीखाली वाकून त्यांनी परत पाहिलं. डांबर नीट निघालं नसेल म्हणून पातं पुन्हा घासलं, तेलाची चिंधी चोळली, शेवटी बोट फिरवलं. दोनच. ते तिथेच लाकडाच्या भुश्शात बसले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर होड्या तपासायची नोकरी केली, पण कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही. होडी धडधाकट असली की बैठकीखाली पटाशीनं दोन खाचा, मोडीत काढायची असली की तीन. ही त्यांची स्वतःची खूण. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या होड्या आणून दुरुस्त करायचा नाद लागला. बाकीच्यांचे नवरे निवृत्त झाले की झोपा काढतात, माझ्या अंगणात मात्र सवती येऊन पडल्यात, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. साहेब हसायचे आणि फळीवर बोट फिरवत आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे: "जुन्या लाकडाला दात नसतात. चावलं तर समजायचं, कुणीतरी नवं घुसडलंय."

ही होडी मात्र भंगारातली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी भर पाण्यात हिची तळाची फळी उकलली आणि तिघं जण बुडाले. नावाडी तेवढा पोहून वाचला, हेच त्याचं चुकलं. चौकशीत तो म्हणाला, साहेबांनी दोन खाचा मारल्या होत्या. साहेब म्हणाले, तीन. होडी तळाशी, बघायला कोण जाणार? साहेबांच्या शब्दाला वजन होतं. मोडीत काढलेली होडी लोभापायी पाण्यात घातली म्हणून लोक नावाड्याच्या दारावरून जाताना थुंकायला लागले. दीड वर्षात माणूस झुरून गेला. त्यानंतर कधीतरी होडी जाळ्यात अडकून वर आली, पण तोवर कुणालाच तिची पडलेली नव्हती; ती नावाड्याच्या परसात पडून राहिली.

साहेब तेव्हा खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी अकरा होड्या तपासल्या होत्या. त्यांतली एक मोडीत काढली होती. ती हीच, असं त्यांना लख्ख आठवत होतं, आणि आज सकाळपर्यंत आठवत होतं.

नावाड्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आता ती नर्स आहे. तीन महिन्यांपूर्वी ती साहेबांकडे आली. बाबांची होडी एकदा नीट होऊन पाण्यात गेलेली बघायचीय, म्हणाली. साहेब लगेच हो म्हणाले. मन असावं तर असं, असं गल्लीत सगळे म्हणाले. दर रविवारी ती यायची, साहेबांच्या शेजारी बसून फळ्या घासायची, त्यांना काका म्हणायची. तिनं एकच गोष्ट मागितली होती. बैठकीखालचं डांबर काढाल तेव्हा मला बोलवा.

आज अकरा वाजता ती येणार होती. ती यायच्या आत सगळं स्वच्छ असावं म्हणून साहेबांनी नाश्ता करताच पातं हातात घेतलं होतं. तीन खाचा डोळ्यांनी बघितल्या की पोरीच्या मनातला सल एकदाचा निघेल, रडेल बिचारी, मोकळी होईल, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

आणि खाचा दोन. कुजलेली होडी आपणच पाण्यात जाऊ दिली. ते तिघं आपल्यामुळे गेले. नावाडी खरं बोलत बोलत मेला. साहेबांना दरदरून घाम फुटला.

फाटकाशी स्कूटर थांबली. काका आहेत का, असं तिनं विचारलेलं ऐकू आलं. बायको काहीतरी हसून बोलली, म्हणून मुलगी आणखी दोन मिनिटं तिथेच थांबली. विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. पटाशी हाताशीच होती, हातोडीही. दोन ठोके पडले. साहेबांनी डांबरानं माखलेला अंगठा नव्या खाचेत दाबून चोळला आणि ते कसेबसे उठून उभे राहिले.

ती आली. त्यांचा चेहरा बघून तिनं आधी त्यांची नाडीच धरली. बरं वाटत नसेल तर आज राहू द्या, म्हणाली.

"तीन आहेत, बाळ," साहेब म्हणाले. "तूच बघ."

तिचा चेहरा एकदम उतरला. ती होडीत गुडघ्यांवर बसली, वाकली, पण बैठकीखाली अंधार होता आणि सगळं काळंच दिसत होतं. मग तिनं हात आत घातला आणि बोटानं मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. एक. दोन. तिसऱ्या खाचेशी तिचा हात झटक्यानं मागे आला.

बोटाच्या टोकात लाकडाचं बारीक कुसळ घुसलं होतं. बाजूला रक्ताचा थेंब. सुया टोचायची सवय असलेली बाई, तिनं नखांनी ते अलगद ओढून काढलं आणि उन्हात धरलं. कुसळ पांढरंस्वच्छ होतं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. साहेबांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण तो पुसायला त्यांचा हात वर होईना.

"जुन्या लाकडाला दात नसतात ना, साहेब?" ती म्हणाली.