अर्ध्या पोटगीचा अर्ज

घटस्फोटाच्या वेळी कोर्टानं लेकीसाठी, खुशबूसाठी बांधून दिलेली पोटगी अर्ध्यावर आणा, असा अर्ज अतुलनं तिरोड्याच्या कोर्टात टाकला आणि तिच्या आईचा, चंदाचा जीव टांगणीला लागला. त्या पैशांवर तर पोरीची शाळा चालायची. तारखेच्या दिवशी पोरीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. मामाच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची नाटकांची जत्रा, पाहून आदल्याच दिवशी परतलेली सहा वर्षांची खुशबू आईला चिकटून कोर्टातल्या बाकावर बसली.

फाटका सदरा आणि मळकी टोपी घातलेला अतुल जजमॅडमपुढे हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, दोन वर्सांपासून हाताले काम नाही. घरची चूल पेटत नाही. या रिकाम्या हातानं लेकराले देऊ तं काय देऊ?"

आवाज असा कापला की पट्टेवाल्याला हुंदका आला. भिंतीवरच्या पालीनं म्हणे तोंडात धरलेला किडा सोडून दिला. इतकंच काय, चंदाचा स्वतःचा वकीलही नाक पुसू लागला. मॅडमनी पेन उचललं. चंदानं डोळे गच्च मिटले आणि पोरीचा हात इतका आवळला की पोर कळवळून बाकावर उभीच राहिली.

अतुल आवंढा गिळायला थांबला होता.



"बाबा, पुढचं भुलले का?" खुशबू म्हणाली. "मंडईच्या नाटकात तं इथं तुमी टोपी फेकून रडता, न मंग लोकं तुमाले नोटा देतात."