लोडशेडिंगमधली सभा

"आजपासून भिवंडीतला एकही लूम आम्हा बायकांच्या मर्जीशिवाय फिरणार नाही!" कारखान्याच्या फाटकात पिंपावर उभं राहून द्वारकाआक्कांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी लोडशेडिंग संपून वीज आली. झाडून सगळे लूम फिरू लागले. मजुरी सुताने भरलेल्या कांड्या मोजून मिळायची, तेव्हा बायका क्रांती तिथेच टाकून आत धावल्या.

फाटकात उरल्या आक्का आणि शेठने पाठवलेला काळूराम. त्याने त्यांना खाली ओढलं, लोखंडी सळईने पाठ फोडली, मग डावा हात मोडला. आक्का जिवाच्या आकांताने ओरडल्या; पण लुमांच्या खडखडाटात ती किंकाळी त्यांची त्यांनाच ऐकू येईना. सळई पुन्हा वर गेली, तसा त्यांनी उजवा हात डोक्यावर धरला.

"तो हात खाली घे, आक्का," काळूराम कानाशी वाकून ओरडला. "त्याला धक्का न्हाय लावायचा. घरूनच ठरवून आलोय."

"का रे मेल्या, दया आली?" आक्काही त्याच्या कानाशी ओरडल्या.

त्याने सळई काखेत धरली आणि खिशातून कोरा कागद काढला.

"माझ्या बहिनीला नवरा लय मारतो. पोलीस तुझ्याच अर्जाला घाबरतात. तेवढा एक लिवून दे ना."